एका दोऱ्यात चार दिवे

...आणि वर मलाच विचारतात, "हात लावायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?" अहो, सांगायला कशाला हवं? पोटच्या पोरीचं काम, बापाचे दोन्ही हात रिकामे, कात्री खिशात, आणि समोर तारांचा तो झिंज्या पिंजारलेला पसारा... तुम्ही काय केलं असतंत? बघत बसला असतात? बसलाही असतात म्हणा, तुम्ही शिंपी नाही. मी आहे. सव्वीस वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, मध्ये पडदा. पडदासुद्धा मीच शिवलेला, आणि तुम्हाला सांगतो, त्या पडद्याची उलटी बाजू सुलट्या बाजूपेक्षा देखणी आहे!

हसू नका. सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. तुम्ही लोक शर्ट बघता तो बाहेरून. रंग बघता, खिसा बघता, आरशात स्वतःला बघून खूश होता. शिंपी शर्ट उलटा करून बघतो. टाके कसे पडलेत, दोरा कुठं तुटलाय, गाठी किती, शेपट्या किती लोंबतायत. आमचे वस्ताद होते ना, ते नुसता कोट उलटा करायचे आणि माणसाची लायकी सांगायचे. शिवणाऱ्याची. दोरा मध्येच तुटलेला दिसला की लाकडी पट्टी बोटांवर... फट्! "एका दोऱ्यात! एका दमात! थांबलास कशाला? चहाला गेला होतास?" तेव्हापासून लोंबता दोरा दिसला की माझा हात कात्रीकडे जातो. मी नाही जात हो, हात जातो! एकदा पोस्टाच्या रांगेत उभा होतो, पुढच्या गृहस्थाच्या कॉलरवरून एक काळा दोरा लोंबत होता. कच्! मला वाटलं, दोरा. निघाली त्यांच्या कानातल्या गाण्याची वायर. पण माणूस इतका सज्जन, की गाण्यात मोठा विराम आहे असं समजून पाच मिनिटं डोळे मिटून तसाच डोलत उभा राहिला. मी रांग सोडून घरी आलो. मनीऑर्डर दुसऱ्या दिवशी केली. आता तुम्हीच सांगा, त्यात माझा काही दुष्ट हेतू होता? चांगलंच करायला गेलो होतो हो मी!

असो. तर आमची कन्या. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणतात, कारण ती सगळ्यांच्या चुका काढते. दहावीला. विज्ञान तिचा जीव की प्राण, पण सहामाहीत ताप आला, पेपर बुडाला, गुण कोसळले, आणि विज्ञानाच्या बाईंनी स्वच्छ सांगून ठेवलं, "प्रात्यक्षिकात विसांपैकी पंधरा आण, तर अकरावीला विज्ञानाचा वर्ग. चौदा आणलेस तर माझ्याकडे रडत यायचं नाही." पोरीनं मनावर घेतलं. आठ दिवस खपली. पुठ्ठ्याचं घर केलं, बिनछपराचं, वरून सगळं दिसेल असं. बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर. खोलीगणिक एक इवलासा बल्ब, बल्बागणिक एक कळ, म्हणजे आपलं बटण हो, आणि मागच्या अंगणात टॉर्चचे तीन सेल. खिडक्यांना बोटाएवढे पडदे माझे. बाकी सगळं तिचं.

आणि तिनं मला शिकवलंही होतं बरं का! मी अडाणी नव्हतो, हे आधी लिहून घ्या. दुकानात जमिनीवर मांडी घालून बसायची, मी मशीन चालवायचो, ती तोंड चालवायची.

"बाबा, हा घट, म्हणजे सेल. एक टोक धन, एक ऋण. दोन्ही टोकांच्या विभवात फरक असतो. तो फरक विजेच्या धारेला ढकलतो."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. उंचावर आहे म्हणून खाली नळाला पाणी येतं. टाकी नळाशेजारीच ठेवली तर?"

"तर तुझी आई मला टाकीत ठेवील."

"बाबा! पाणी येणार नाही. उंचीत फरकच नाही तर वाहील कशाला? तसंच विभवांतर नसेल तर धारा नाही. आणि ही बल्बमधली बारीक तार आहे ना, ती धारेला सहज जाऊ देत नाही. तो रोध."

"म्हणजे आपले पलीकडचे बेकरीवाले गेल्या वर्षीच्या पँटमध्ये शिरताना होतो तो."

तुम्हाला सांगतो, पोरीचे डोळे चमकले. "अगदी तोच! आणि शिरताना ते कसे लालबुंद होतात? तशीच ही तार तापते, लाल होते, आणि उजेड पडतो! जोर वाढवला तर धारा जास्त, पँट आणखी घट्ट केली तर धारा कमी. झाला ओहमचा नियम!"

बघा, किती झटक्यात कळलं मला! शाळेत मला हे असं पँटवरून कुणी शिकवलं असतं, तर आज मी कुठच्या कुठं असतो. मग म्हणाली, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. परिपथ पूर्ण हवा. घटातून निघालेली वाट परत घटात आली पाहिजे. मध्ये कुठंही तुटली, की धारा बंद." मी म्हटलं, हे तर आमचे वस्ताद सांगायचे! दोरा तुटता कामा नये! "आता जोडणी दोन प्रकारची," ती म्हणाली. "एकसर म्हणजे सगळे बल्ब एकापाठोपाठ, एकाच वाटेवर. आणि समांतर म्हणजे..."

आणि नेमके त्या क्षणी दारात कोण? बेकरीवाले! शंभर वर्षं आयुष्य, आणि पोट त्याहून मोठं. मला त्यांच्या कमरेभोवती टेप न्यायची तर अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते. मी प्रदक्षिणेत, ते "श्वास सोडू का? सोडू का?" म्हणून व्याकूळ, आणि पलीकडे पोरगी समांतर समजावून सांगतेय. मला काय ऐकू येणार? एक्केचाळीस की त्रेचाळीस या चिंतेत मी. परत मशीनवर बसलो तेव्हा ती वही मिटून म्हणाली, "कळलं ना बाबा?" मी म्हटलं, "कळलं." अर्धं तर कळलंच होतं! बापानं मुलीला उत्तेजन द्यायचं नाही तर काय करायचं?

परीक्षेचा दिवस. सकाळी तिची तोंडी, दुपारी दीडला प्रात्यक्षिक. मॉडेल मोठं, गर्दीत चेंगरेल म्हणून एक वाजता मी घेऊन जायचं ठरलं. जाताना दहा वेळा बजावलं, "बाबा, फक्त उचलून आणायचं. हात लावायचा नाही." आता हात न लावता उचलायचं कसं? पण परीक्षेच्या दिवशी पोरांशी वाद घालू नये, म्हणून 'बरं' म्हणालो.

बारा वाजता मी ते टेबलावर घेतलं, आणि सहज... अगदी सहज हो, सवयीनं... उलटं केलं.

अरे देवा!

काय ती उलटी बाजू! एकेका बल्बाला दोन दोन तारा! चार बल्ब, आठ तारा, त्यांत कळांच्या गाठी, लांबच्या लांब उरलेल्या शेपट्या गुंडाळून चिकटपट्टीखाली कोंबलेल्या, आणि जी ती तार उठून घटाकडे धावतेय, जसं काही तिकीट संपणार आहे! म्हटलं, हे बाहेरचे परीक्षक येणार, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस, तो काय नुसते पडदे बघून खूश होईल? तो उलटं करणारच! पंधरा कुठले, पाच देईल, आणि वर विचारील, "शिंप्याची ना तू?"

बसलो. चष्मा लावला. आणि तुम्हाला सांगतो, त्या चाळीस मिनिटांत मी जे काम केलं, तसं उभ्या जन्मात केलं नसेल. सगळ्या शेपट्या कच् कच् कच्. तारांची टोकं दातांनी सोलली. एक तार घेतली, घटाच्या या टोकातून काढली, बैठकीची कळ, बैठकीचा बल्ब, तिथून स्वयंपाकघर, तिथून झोपायची खोली, तिथून न्हाणीघर, आणि वळसा घालून परत घटाच्या त्या टोकाला. एका दोऱ्यात! एका दमात! दर अर्ध्या इंचावर पुठ्ठ्याला काळ्या दोऱ्यानं टाका. निम्मी तार वाचली! ती कातरणं घातली खिशात, कारण कातरण टाकणारा शिंपी अजून जन्माला यायचाय. मग चारही कळा दाबल्या... आणि लागले की हो! चारही! मी टाळीच वाजवली.

आमची ही पडद्याआडून डोकावली. "अहो, हे मिणमिणतायत."

"मिणमिणत नाहीत. सौम्य आहेत."

"काल लख्ख होते."

"काल नुसता गोंधळ होता. आज शिस्त आहे. शिस्त कधी भडक असते का?"

"तिला विचारलंत?"

"आयत्या वेळी बघेल आणि चकित होईल."

"ते होईलच," एवढंच म्हणाली आणि पडदा ओढला. लग्नाला वीस वर्षं झाली की बायका भांडत नाहीत, पडदा ओढतात. पण तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? चांगलंच करायला गेलो होतो हो मी!

निघालो. गळ्यात टेप तशीच, हातांवर घर. माणसानं घर डोक्यावर घेतलेलं लोकांनी पाहिलेलं असतं, हातांवर घेतलेलं नाही. रस्त्यात चपला दुरुस्त करणारा म्हणाला, "काय शिंपीदादा, जागा बदलली?" मी म्हटलं, "बदलली नाही, जागा बरोबर घेऊन फिरतोय." छाती अशी फुगलेली! पोहोचलो. पोरीच्या हवाली केलं, तिनं घाईघाईत टेबलावर ठेवलं, वरून बघितलं, हसली. मला म्हणाली, "जा तुम्ही आता." पालकांना आत मनाई. मी कुठला जातो? प्रयोगशाळेला खिडकी होती, खिडकीला गज होते, गजांना मी होतो.

आत लांबच लांब टेबलं, ॲसिडच्या डागांनी भोकं पडलेली. फळ्याजवळ विज्ञानाच्या बाई, रुमालाचा बोळा हातात. आणि परीक्षक! उंच, वाळका, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं वाकूनच ऐकावं, आणि वाकला की संपलाच. एकेका मुलाचं मॉडेल बघत येत होते. एकाला विचारलं, "बल्ब का लागतो?" तो पोपटासारखा, "विद्युतधारा वाहिल्यामुळे." "धारा का वाहते?" "बल्ब लागण्यासाठी." परीक्षक नुसते "असं..." म्हणाले. ते "असं..." ऐकून माझ्याच पायाला मुंग्या आल्या.

आमच्या टेबलाशी आले. "लावा दिवे."

पोरीनं एकेक कळ दाबायला सुरुवात केली. बैठकीची दाबली... काही नाही. तिनं भुवई वर केली. स्वयंपाकघर... काही नाही. झोपायची खोली... काही नाही. तिच्या कपाळावर घाम. न्हाणीघराची दाबली, आणि चारही एकदम लागले, मिणमिण. म्हणजे सौम्य.

"मंद आहेत," परीक्षक म्हणाले. "बरं. आता न्हाणीघरातला दिवा मालवा."

मालवला. सगळं घर गुडूप!

परीक्षक वाकले, त्या अंधाऱ्या घरात निरखून बघितलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे या घरात स्वयंपाक होईपर्यंत कुणीतरी अंघोळ करत राहायला हवं."

पोरं खी खी करून हसली. आणि परीक्षक आणखी शांतपणे, "आई आतून ओरडणार, 'अगं, बाहेर येऊ नकोस, दूध उतू जाईल!' आणि झोपायचं म्हणून दिवा मालवला, तर न्हाणीघरातला माणूस... डोळ्यांत साबण... असं..."

आता मलासुद्धा हसू यायला हवं होतं. पण मी पोरीकडे बघितलं. तिनं मॉडेल उलटं केलं होतं. ते माझे टाके, अर्ध्या अर्ध्या इंचावर, काळ्या दोऱ्याचे, ती बघत होती. आठ दिवस खपलेली पोर. बाईंनी रुमाल तोंडाला लावला. परीक्षकांनी वहीत पेन टेकवलं. आणि तुम्हाला सांगतो, मी गजांना धरून ते बघत होतो. त्या पेनाच्या टोकाखाली पोरीचं अख्खं विज्ञान होतं, आणि तिथवर ते ढकलत नेलं होतं मी!

तिनं मान वर केली. खिडकीकडे बघितलं.

"बाबा!!!"

सगळा वर्ग वळला. मी काय करणार? गळ्यात टेप, कुठं लपणार? "साहेब," मी गजांतूनच ओरडलो, "तिची काही चूक नाही! उलटी बाजू फार गबाळी होती हो, नुसत्या शेपट्या, मी जरा एका दोऱ्यात घेतलं, चांगलंच करायला गेलो होतो हो मी!"

"आत या," परीक्षक म्हणाले. गेलो. "आपण कोण?"

"बाप."

"आणि काम काय करता?"

"शिंपी."

त्यांनी मॉडेल उचललं, उलटं केलं, टाक्यांवरून बोट फिरवलं. "हात सुबक आहे." माझी छाती पुन्हा फुगायला लागली होती, तेवढ्यात म्हणाले, "घर मात्र राहण्यालायक नाही." मग पोरीकडे वळले. "दहा मिनिटं आहेत. काय झालंय ते आधी मला सांगा. मग जमलं तर दुरुस्त करा."

पोरीनं नाक ओढलं. रडेल असं वाटलं मला. कसली रडते! "सर, ही एकसर जोडणी झाली. धारेला एकच वाट. चारही बल्ब एकामागे एक, म्हणून चौघांच्या रोधांची बेरीज. रोध वाढला, धारा घटली. आणि घटांचं विभवांतर चौघांत वाटलं गेलं, प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर. म्हणून मंद. वाट एकच, म्हणून कुठलीही एक कळ उघडली की सगळ्यांची धारा बंद." आणि मग खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शर्टाची शिलाई अशीच असते सर. घराची नसते."

मी खजील. पण तुम्हाला सांगतो, आतून गुदगुल्या होत होत्या. काय बोलली!

"मग दुरुस्ती?" परीक्षक म्हणाले.

"तार पुरत नाही सर. कुणीतरी कापून आखूड केलीय."

माझा हात आपोआप खिशात. बटणं निघाली, खडू निघाला, दोन हूक, एक रीळ, आणि त्यातून सगळ्या तारा! बाई म्हणाल्या, "अगबाई!" परीक्षक म्हणाले, "तारा द्या, कात्री द्या, आणि मागे उभे राहा. मदत नको."

पोरीनं माझे टाके टराटरा उसवले. शिंप्याच्या डोळ्यांदेखत! मी तोंड फिरवलं, पण राहवेना, बोटांच्या फटीतून बघितलं. तिनं दोन लांब तारा शेजारी शेजारी अंथरल्या, एक घटाच्या या टोकाची, एक त्या टोकाची. आणि एकेक बल्ब आपापल्या कळेसकट या तारेवरून त्या तारेवर आडवा टाकला. शिडी! शिडीच्या पायऱ्या! तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, की प्रत्येक बल्बाला घराबाहेर पडायला स्वतःचं दार दिलंय हिनं. कुणाची अंघोळ कुणाच्या दुधात येत नाही! बेकरीवाल्यांनी त्या दिवशी पाच मिनिटं उशीर केला असता, तर हे मला आधीच कळलं असतं. आता यात चूक माझी की बेकरीवाल्यांची?

चार मिनिटं उरली. तिनं कळा दाबल्या, एकेक दिवा लख्ख, लख्ख, लख्ख! चौथी दाबणार... आणि मला दिसलं. अगदी कडेला त्या दोन तारांची सोललेली टोकं समोरासमोर, आणि मध्ये फट. अर्ध्या इंचाची. शिवणीत फट! वस्तादांची पट्टी बोटांवर वाजली हो मला! शर्टाला टाचण्या असतातच माझ्या. एक काढली, पुढं झालो, आणि दोन्ही टोकं एकमेकांना... नुसती टाचली.

सगळं घर पुन्हा गुडूप! आणि टाचणी अशी तापली, की मी "आई गं!" करून बोट तोंडात घातलं. जळका वास सुटला. पोरगी ओरडली, "बाबा, शॉर्ट!" आणि झटकन सेलची तार उपटली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी मात्र चष्मा वर केला. "थांबा," पोरीला म्हणाले. "हे काय झालं?"

"धारेला सोपी वाट मिळाली सर. टाचणीचा रोध जवळजवळ शून्य. बल्बांच्या अडचणीतून कोण जाईल? सगळी धारा टाचणीतून गेली, भरमसाट, म्हणून टाचणी तापली."

"खऱ्या घरात असं झालं तर?"

"आग लागू शकते सर. म्हणून फ्यूज असतो. धारा मर्यादेबाहेर गेली की तो आधी वितळतो, वाट तोडतो आणि घर वाचवतो."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मी बोट चोखत उभा. मग पोरीला विचारलं, "तुमच्या घरात फ्यूज आहे की नाही?"

"आहे ना सर," पोरगी म्हणाली. "आई. पण ती आज घरी राहिली."

तुम्हाला सांगतो, तो वाळका माणूस हसला. हसला म्हणजे वाकून, टेबलाला धरून! टाचणी काढली, पोरीनं तार लावली, चौथा दिवा लागला. न्हाणीघर मालवलं, बाकी तिन्ही तसेच लख्ख. शेवटी एक खोडसाळ प्रश्न, "आता सेल जास्त टिकतील की कमी?" आणि ही ताबडतोब, "कमी सर. चार वाटा, एकूण धारा जास्त. उजेड हवा तर घटाला काम पडणारच." परीक्षक "असं." म्हणाले, पण या खेपेचं "असं" वेगळं होतं, त्याला लोंबती शेपटी नव्हती.

मग आठवडा. काय सांगू तुम्हाला तो आठवडा! निकाल लागेपर्यंत घरात माझ्याशी कुणी बोलेना. जेवायला बसलो की ही पोरीला म्हणायची, "विचार त्यांना, वाढू का." मी मिठाला हात घातला तर दोघी एकदम, "हात लावू नका!" रेडिओ खरखरतोय, हात लावू नका. नळ गळतोय, हात लावू नका. बेकरीवाल्यांची पँट मी दोनदा उसवली, दोनदा शिवली, आणि तरी मन लागेना. पंधरा... पंधरा... मशीनच्या चाकातूनसुद्धा पंधरा, पंधरा ऐकू यायचं. चांगलंच करायला गेलो होतो हो, पण पोरीचं विज्ञान गेलं असतं तर हे कुणाला सांगणार होतो?

आणि आठव्या दिवशी दुपारी विज्ञानाच्या बाई स्वतः दुकानात. मी उभाच राहिलो. पोरगी पडद्यातून बाहेर, तिच्या मागं आमची ही.

"अठरा," बाई म्हणाल्या.

पोरीनं मारलेली किंकाळी पलीकडच्या बेकरीत ऐकू गेली. आमच्या हीनं डोळ्यांना पदर लावला. मी मशीनवरच बसलो, खुर्ची मागं आहे याचं भानच नाही. बाई सांगत होत्या, "सगळ्या शाळेत हीच एक, जिनं एका परीक्षेत एकसर, समांतर आणि शॉर्ट, तिन्ही करून दाखवलं आणि तिन्हींचं कारण सांगितलं. बाकीच्यांनी पाठ केलेलं म्हटलं. विज्ञानाचा वर्ग पक्का."

"आणि दोन कुठं गेले?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंड गेलं.

"तारांची मांडणी अव्यवस्थित म्हणून."

तुम्हाला सांगतो, मी ताडकन उठलो! "बघा! बघा! मी काय म्हणत होतो?" दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा बसलो. काही विजय माणसानं मनातल्या मनात साजरे करायचे असतात.

पण बाई जाईनात. रुमालाचा बोळा या हातातून त्या हातात. म्हणाल्या, "खरं म्हणजे मी तुमच्याकडे आलेय. परीक्षकांनी एक सुचवलंय. पुढच्या वर्षीपासून परीक्षेच्या आधी प्रत्येक मुलाचं मॉडेल पंधरा मिनिटं तुमच्याकडे द्यायचं. मग काय बिघडलंय ते मुलांनी ओळखायचं आणि दुरुस्त करायचं. कुणाला समजलंय आणि कुणी घोकलंय, ते तेव्हाच कळतं म्हणाले."

सव्वीस वर्षं इमानानं टाका घालतोय, आजवर एका शाळेनं गणवेश शिवायलासुद्धा विचारलं नाही, आणि आता हे बोलावणं! माझा चेहरा पडला. म्हटलं, "बाई, म्हणजे मी लोकांच्या पोरांची कामं मुद्दाम बिघडवायची?"

"छे, छे! मुद्दाम नको हो," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "मुद्दाम केलेलं मुलं लगेच ओळखतात. तुम्ही आपलं मनापासून चांगलंच करायला जा!"